बांधाची माती

तेव्हा मी रोह्याहून यष्टीने पेणला नोकरीला जायचे. नोकरी म्हणजे काय, तर एका छोट्या संस्थेसाठी खाडीकाठची गावं पालथी घालायची आणि विचारत सुटायचं, तुमचा बांध कोण सांभाळतं? आई म्हणायची, एवढं विचारायला पगार देतात होय गो? आमच्या साहेबांना 'सामाईक संसाधन' हा शब्द इतका लाडका की झोपेतही तोच बोलत असावेत. मी त्याला सरळ बांध म्हणायचे.

धरमतरच्या खाडीलगत एक गाव होतं. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून तिथे मातीचा लांब बांध होता. दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस येऊन तो दुरुस्त करायचा. हे सगळे अभिमानानं सांगायचे. खाडीचा चिखल टिकत नाही, माती बांधाच्या आतल्या शेतांतूनच घ्यावी लागते, तीही आळीपाळीनं. पण यंदा पाळी कुणाची, हे विचारलं की सगळे एका काकांकडे बोट दाखवायचे. बांधावर त्यांचाच शब्द चालायचा.

तिथल्या एका भाभीशी माझं चांगलं जमलं. नवरा आखातात, सासू अंथरुणाला खिळलेली आणि शेत अगदी बांधाला लागून. एकदा ओट्यावर पाणी देताना म्हणाली, सलग दोन उन्हाळे माझ्याच शेताची माती नेली. यंदाही नेली की शेत संपलंच, नवरा म्हणतोय कंपनीला विकून टाक. तिला ते विकायचं नव्हतं. आपल्या हातचा तांदूळ घरात असला की तिला कुणापुढे मान खाली घालावी लागत नसे. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आत्ता जाऊन काकांना विचारते.

"तू नको बोलू, बाय. तू यष्टीनं जाशील, मला इथंच रहायचंय."

मी पाणी प्यायले आणि भांडं तिच्या हातात दिलं.

अमावास्येच्या उधाणाआधी काम निघालं. ओहोटी लागली तशी माणसं घमेली-फावडी घेऊन जमली. काकांनी हात केला तो भाभीच्याच शेताकडे. त्यांच्या मनात कपट नव्हतं, हे मलाही मान्य करावं लागलं. शेत जवळचं, आणि तिथे 'नको' म्हणायला कुणी उभं नसायचं. सवय पडली होती, एवढंच.

तेवढ्यात पदर खोचून, घमेलं कमरेला लावून भाभी आली. आमच्या घरचं माणूस आलंय, म्हणाली. माती न्यायच्या आधी तेवढं शेत बघून घ्या, असंही म्हणाली. बाईमाणूस कधी बांधाच्या कामाला आलेलं नव्हतं. पण तिला परत जा म्हणायलाही कुणाची जीभ रेटेना. सगळे निघाले.

शेतात दोन वर्षांचे खड्डे तसेच होते. हिरवट पाणी साचलेलं आणि त्यात तिची बदकं मजेत पोहत होती. एकजण म्हणाला, भाभीनं भाताऐवजी बदकं पिकवलीत. हशा पिकला, तीही हसली. मग काकांकडे वळली.

"यंदा खणलंत तर हे विकलं जाणार, काका. घेणारा कंपनीवाला घमेलं घेऊन तुमच्यासंगं येणार हाय काय?"

काकांनी एकदा बदकांकडे बघितलं. मग फावडं उचलून चालू लागले आणि दोन शेतं ओलांडून स्वतःच्या शेतात उतरले. ते गावातलं सगळ्यात चांगलं शेत होतं. पहिला घाव त्यांनीच घातला. पहिलं घमेलं भरून भाभीच्या डोक्यावर त्यांनीच दिलं. मला रडू आलं. मी ते घामाच्या नावावर खपवलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेले. ओहोटी लागली होती, माणसं जमली होती, तरी काका फावडं टेकून उभेच होते. कुणीतरी घाई केली, भरती येईल म्हणाला.

"भाभी येऊ दे," काका म्हणाले.