क्लीनरची जागा

मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत श्यामकांत टिपणीसांना सगळे 'वनमालाबाईंचा क्लीनर' म्हणत, आणि टिपणीसांना ते चक्क आवडायचं. ट्रकवर ड्रायव्हरच्या डाव्या हाताला बसतो, काच पुसतो, गाडी मागे घेताना 'येऊ दे, येऊ दे' म्हणून पत्र्यावर थाप मारतो, तो क्लीनर. विमा कंपनीत बऱ्या हुद्द्यावर असलेल्या माणसाला असं नाव पडावं, याला कारण घडलं होतं. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी हौसेने जुनी फियाट घेतली, शिकायला म्हणून बसले आणि पहिल्याच आठवड्यात ती उसाच्या रसाच्या दुकानात घातली. कुणाला खरचटलंही नाही, पण रसवाल्याने त्यांच्या सात पिढ्यांचा जो उद्धार केला, त्याने यांचे हातपाय गळाले. शेजारी बसलेल्या वनमालाबाई म्हणाल्या, "अहो, सरका तिकडे. मी बघते." श्यामकांत सरकले ते कायमचे.

वनमालाबाई शाळेत गणित शिकवायच्या आणि गाडीही गणितासारखीच चालवायच्या. उगाच हॉर्न नाही, उगाच ब्रेक नाही. चपला काढून, अनवाणी. डावीकडे बसलेल्या श्यामकांतांची कामं ठरलेली होती. संत्रं सोलून एकेक फोड हातात द्यायची, डावा आरसा बघायचा, आणि हायवेला कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड जवळ आलं की काच वर करायची. तो वास कसला ते मुलुंडकराला सांगायला नको. वळण दिसलं की बाई म्हणायच्या, "अहो, काच वर करा, डंपिंग आलं." हे म्हणजे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण त्या सांगेपर्यंत ते मुद्दाम थांबायचे. संध्याकाळी ऑफिसातून परतताना स्टेशनबाहेर बायको गाडी घेऊन उभी असायची आणि बाकीचे पुरुष रिक्षाच्या रांगेतून बघून हसायचे. हसोत बापडे. बायको गाडी चालवतेय आणि आपण संत्रं खातोय, यात लाजायचं काय, हे श्यामकांतांना आयुष्यात कधी कळलं नाही.

मग वनमालाबाई विसरायला लागल्या. आधी किल्ल्या, मग नावं, मग रस्ते. ऐरोलीच्या पुलावर एकदा भर रहदारीत गाडी उभी करून त्या शांतपणे उतरल्या आणि चालू लागल्या, तेव्हा त्यांच्या मुलीने, रेवतीने, गाडी विकायला लावली. गाडी गेली, पण बाईंच्या डोक्यातून गेली नाही. दुपार झाली की त्या पर्स घेऊन खाली उतरत आणि पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीचं दार ओढून बघत. कुणी विचारलं तर म्हणत, "ह्यांना आणायला स्टेशनवर जायचंय." वॉचमन नाना त्यांना वर आणून सोडायचे. दार उघडणाऱ्या श्यामकांतांकडे बघून बाई नानांना विचारायच्या, "हे कोण?"

एकदा श्यामकांतांनी चहा पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, "ठेवा भाऊ तिथे." रिक्षावाल्याला म्हणावं, भाजीवाल्याला म्हणावं, तसं भाऊ. त्या दिवसापासून ते घरात भाऊ झाले. आंघोळीचं पाणी काढणारे भाऊ, गोळ्या देणारे भाऊ. माणूस आजारपण सोसतो, जागरणं सोसतो. पण जिने उभ्या जन्मात तुमचं नाव घेतलं नाही, नुसत्या 'अहो'वर संसार केला, तिने 'भाऊ' म्हणावं हे कसं सोसायचं? श्यामकांत बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. बाहेर यायचे आणि म्हणायचे, "ताई, जेवायला चला." बायकोला ताई म्हणायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

रेवती दिंडोशीला राहायची. रविवारी येऊन आई-वडिलांना कुठे ना कुठे न्यायची. असंच एकदा ती त्यांना घाटकोपरच्या मॉलमध्ये घेऊन गेली. तिथे मुलांच्या खेळांच्या जागी गाडी चालवायचं एक यंत्र होतं, समोर पडदा, खाली सीट, हातात स्टीयरिंग. वनमालाबाई थांबल्या, चपला काढल्या आणि कुणाला न विचारता आत बसल्या. श्यामकांत आपले सवयीने डावीकडे जाऊन उभे राहिले. बाई गाडी चालवू लागल्या, पहिल्यासारखीच, उगाच ब्रेक नाही. पडद्यावरचा रस्ता वळला आणि त्या समोरची नजर न काढता म्हणाल्या, "अहो, काच वर करा, डंपिंग आलं."

श्यामकांतांनी यंत्राची कड धरली आणि म्हणाले, "केली गं, केली." त्या हसल्या. ते हसू घरी येईपर्यंत विरून गेलं आणि जिन्यात त्या पुन्हा म्हणाल्या, "भाऊ, पिशवी धरा जरा." पण आता श्यामकांतांना कळलं होतं की बायको हरवलेली नाही, ती गाडीत आहे. आपण तिच्या डाव्या हाताला बसलो की सापडते.

"मला ते यंत्र घरी आणायचंय," त्यांनी रेवतीला सांगितलं.

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला? हॉलमध्ये मुंगीला जागा नाहीये."

"मुंगीचं मी बघतो. तू कुठे मिळतं ते बघ."

मिळायचं ते मरोळला, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात. सुयोग नावाचा तिशीतला माणूस तिथे असली कॉकपिट बनवून विकायचा. घरी बसून रेस खेळणाऱ्यांसाठी लोखंडी सांगाडा, त्यावर सीट, स्टीयरिंग आणि पेडल. म्हातारा माणूस बघून तो म्हणाला, "नातवासाठी का, काका?"

"बायकोसाठी," श्यामकांत म्हणाले. सुयोगला वाटलं काका मस्करी करतायत, पण त्यांचं तोंड बघून तो त्यांना आत घेऊन गेला.

त्याने आधी मोठं कॉकपिट दाखवलं, ते यांच्या हॉलमध्ये शिरलं असतं तर माणसांना बाहेर पडावं लागलं असतं. मग घडीचं दाखवलं, ते जोराने धरलं की डुगडुगायचं. शेवटी त्याने कोपऱ्यातून दोन छोटी ओढून काढली, गो-कार्टसारखी, जमिनीलगत सीट आणि पाय समोर लांब सोडायचे. "छोट्या घराला हेच बेस्ट, काका. एकदम झकास. यात दोन टाइप आहेत. हे जरा रुंद, डाव्या हाताला गिअरचा दांडा आणि खाली तीन पेडल. आणि हे अरुंद, दोनच पेडल, गिअर आपोआप पडतात."

श्यामकांत अरुंद कॉकपिटमध्ये बसून बघायला गेले. बसले खरे, पण उठता येईना. सुयोगने हात देऊन उठवलं. तेव्हा त्यांच्या मनात आलं, की म्हणजे हिलाही आपलं आपण उठता येणार नाही, दुपारी खाली पार्किंगमध्ये जाणार नाही, आपल्याला घटकाभर डोळा लावता येईल. मनात आलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली. ते थोडा वेळ सुयोगकडे पाठ करून उभे राहिले.

मग त्यांनी खिशातून सुतळी काढली. घरी टीव्हीसमोरची जागा त्यांनी सुतळीने मापून तिला गाठी मारून आणल्या होत्या. डावीकडे भिंत, तिला धक्का लावता येत नव्हता. उजवीकडून स्वयंपाकघरात जायची वाट, ती अडवता येत नव्हती. मधल्या जागेत रुंद कॉकपिट बसत होतं, पण भिंतीला चिकटून. अरुंद ठेवलं तर डावीकडे थोडी जागा उरत होती.

"इथे एक स्टूल राहील ना?" त्यांनी विचारलं.

"स्टूल कशाला, काका? यात बाजूला कोणी बसत नाही."

"मी बसतो."

सुयोगने डोकं खाजवलं. "काकी आधी कशावर बसल्या होत्या, मॉलमध्ये? त्याला पेडल किती होती, दोन की तीन?"

श्यामकांतांना आठवेना. त्यांनी बघितलंच नव्हतं. सबंध आयुष्य बायकोच्या शेजारी बसून काढलं, तिला कुठे तहान लागते, कुठल्या वळणाला ती मान तिरकी करते, सगळं पाठ होतं. पण तिचे पाय खाली काय करतात हे त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं. गाडी म्हणजे स्टीयरिंग, असंच ते धरून चालले होते. "ते राहू द्या," ते म्हणाले. "हे अरुंदच द्या. स्टूल राहायला हवं."

कॉकपिट घरी आलं. श्यामकांतांनी स्टीयरिंगला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, सीटखाली लिंबू ठेवलं. नवी गाडी म्हटल्यावर हे आलंच. सुयोगने टीव्हीवर साधा रस्त्याचा खेळ लावून दिला होता, रेसबिस नाही, झाडं आणि डोंगर आणि लांबवर जाणारा हायवे. बाईंना हाताला धरून बसवलं. त्यांनी चपला काढल्या. श्यामकांत संत्रं घेऊन डावीकडे स्टुलावर बसले. नव्या नवरदेवासारखी त्यांची छाती धडधडत होती.

गाडी निघाली. वनमालाबाईंनी सवयीने डावा पाय दाबला आणि गाडी गचकन थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा डावा पाय, पुन्हा गचका. डावा हात गिअर शोधत भिंतीकडे गेला आणि श्यामकांतांच्या गुडघ्यावर पडला. त्यांनी तो धरला. बाईंनी झटक्यात काढून घेतला.

"वनू, मी आहे," ते म्हणाले. "मीच आहे गं. संत्रं देऊ?"

त्यांनी श्यामकांतांकडे पाहिलं. घाबरल्या होत्या, पण शिक्षिकेचा सौम्यपणा सुटला नव्हता. "भाऊ, गाडी बिघडलीय. तुम्ही उतरा, दुसरी रिक्षा बघा. आणि ही जागा आमच्या ह्यांची आहे. मला त्यांना आणायला जायचंय, ते स्टेशनवर थांबले असतील."

श्यामकांत उतरले, म्हणजे स्टुलावरून उठले. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभे राहिले. संत्रं हातातच होतं.

रविवारी रेवती आली. आईकडून गाडी शिकलेली ती. तिने एकदा वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, क्लच कुठाय? क्लच आणि गिअरशिवाय आई कशी चालवणार? तिचा डावा पाय क्लचच दाबणार ना, आणि तिथे ब्रेक आहे."

"दुसऱ्याला होतं ते," श्यामकांत म्हणाले. "रुंद होतं."

"मग बदलून आणू."

"त्याने स्टूल राहत नाही."

रेवतीने वडिलांकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती त्यांच्याजवळ बसली. "बाबा, मग राहू दे. असंच असू दे. नाहीतर परत देऊन टाकू." आत वनमालाबाई पर्स घेऊन चपला शोधत होत्या, ह्यांना आणायला जायचं म्हणून. "नको," श्यामकांत म्हणाले. "बदलून आण. तिला गाडी चालवू दे."

रुंद कॉकपिट आलं आणि भिंतीला चिकटून बसलं. गिअरचा दांडा बरोबर तिथे आला जिथे स्टूल होतं. श्यामकांत मागे दिवाणावर बसले, मागच्या सीटवर बसावं तसे. आयुष्यात ते कधी बायकोच्या मागे बसले नव्हते. तिचा अंबाडा तेवढा दिसत होता.

वनमालाबाईंनी क्लच दाबला, गिअर टाकला आणि गाडी लोण्यासारखी निघाली. बघता बघता त्यांचे खांदे सैलावले. त्या गुणगुणायला लागल्या. झाडं गेली, डोंगर गेला, रस्ता उजाड झाला आणि त्या समोरची नजर न काढता म्हणाल्या, "अहो, काच वर करा, डंपिंग आलं."

"केली गं, केली," श्यामकांत मागून म्हणाले.

बाईंनी आरशात बघावं तसं वर बघितलं. "भाऊ, तुमच्याशी नाही बोलले. ह्यांना सांगतेय." मग त्या डावीकडे वळल्या, भिंतीकडे. "अहो, ऐकताय ना? काच." भिंत काय बोलणार. बाईंनी गाडी हळू केली. "गप्प का आज? रागावलात का माझ्यावर? उशीर झाला का मला स्टेशनवर यायला?"

बाईंचे ओठ थरथरायला लागले. श्यामकांतांना ते मागून दिसलं नाही, पण अंबाडा हलताना दिसला आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

"ताई," ते म्हणाले, "रागावले नाहीत ते. दमलेत जरा. तुमच्यावर कधीच रागावणार नाहीत."

"तुम्ही ओळखता ह्यांना?"

"ओळखायचो."

"मग सांगा ना त्यांना काच वर करायला," वनमालाबाई म्हणाल्या. "माझं ऐकतच नाहीत."

श्यामकांतांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि मागच्या सीटवरून भिंतीला सांगितलं, "श्यामकांतराव, काच वर करा. वनू सांगतेय."