कलकत्त्याचे आठ चाळीस

कल्याणात पारनाक्यापासून थेट स्टेशनापर्यंत बोलवा होती, की आवडाबाई गोळ्यांना नातू जन्मायच्या आधीच त्याच्या जन्माची तार आली. कोणी म्हणे पहाटे दृष्टान्त झाला, कोणी म्हणे बाईंना काहीतरी वश आहे. यातलं तार आली एवढंच खरं. तीही आधी नव्हे, चांगली उशिरानं आली. आणि दृष्टान्त म्हणाल, तर बाईंना तो कधी हरवलेल्या सांडशीचासुद्धा झाला नव्हता.

आवडाबाई ठेंगण्या, आवाज मात्र दोन आळ्या ओलांडणारा. यजमान हरिहरपंत मामलेदार कचेरीत कारकून. ते कचेरीत साहेबाला भीत आणि घरी बाईंना. फरक इतकाच, की कचेरीला रविवारची सुट्टी असे. एकुलता एक मुलगा प्रभाकर कलकत्त्याला तारखात्यात चिकटला होता. सुनेचे दिवस दोनदा वाया गेले, तेव्हा तिसऱ्या खेपेला बाईंनी सोळा सोमवार धरले. सून सुखरूप सुटू दे, यापलीकडे मागणं नव्हतं.

अठराशे पंच्याऐंशी सालच्या मार्गशीर्षात उद्यापनाचा सोमवार आला. चुरम्याचा वास गल्लीभर सुटला, जोडपी येऊन टेकली, श्रीपादभटजींनी चौरंग मांडला. संकल्पाचं पाणी तेवढं सोडायचं होतं, आणि दारात तारवाला उभा राहिला.

हरिहरपंतांनी तार फोडली. इंग्रजी चार शब्द चारदा वाचून ते म्हणाले, “मुलगा झाला. दोघं सुखरूप. सकाळी आठ चाळीस.”

बाईंनी पदर डोळ्याला लावला. भटजींनी पळी खाली ठेवली.

“सोयर आलं, आवडाबाई. आता दहा दिवस देवाला हात लावता येणार नाही. उद्यापन राहिलं.”

“असं कसं राहिलं? स्वैपाक झालाय, माणसं बसलीत.”

“संकल्प सुटला असता, तर मागून आलेलं सोयर आड आलं नसतं. पण मूल आधी झालं, त्याला मी काय करू?”

आज राहिलं म्हणजे नवस अर्धा, आणि अर्ध्या नवसावर तान्हं पोर तिकडे परमुलखात. बाईंची नजर भिंतीकडे गेली.

“अहो, तारेत किती वाजले म्हणालात?”

“आठ चाळीस.”

“मग आपल्या घड्याळात आठ पंचवीसच कसे?”

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. घड्याळ चालू होतं, लंबक हलत होता.

शेजारचे महिपतराव स्टेशनात तिकिटं देत. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं. “माझ्यात आठ पंचावन्न. स्टेशनाशी लावलेलं आहे. रेल्वे मद्रासच्या वेळेनं चालते, आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे.”

“म्हणजे यांच्या घड्याळानं मूल पाव तासाचं झालं,” भटजी बोटांवर मोजत म्हणाले, “आणि भिंतीवरच्या घड्याळानं पाव तासानं व्हायचंय.”

“मग आत्ता सून काय करतेय?” बाईंनी विचारलं. “निजलीय की कळा देतेय?”

हरिहरपंतांनी तार उलटी करून पाहिली, मागे काही नव्हतं. एक पाहुणे म्हणाले, प्रभाकर तारखात्यातलाच, त्याला आधी कळत असेल. भटजी एकदा भिंतीकडे, एकदा महिपतरावांच्या तळहाताकडे पाहू लागले. धर्मशास्त्रात मद्रासचा उल्लेख त्यांना आठवेना.

“भटजी,” बाई म्हणाल्या, “तुम्ही मुहूर्त काढता ते मद्रासच्या सूर्यानं की इथल्या?”

“इथल्या.”

“इथं आठ चाळीस वाजलेत?”

“नाहीत अजून.”

“मग घ्या पळी.”

आठ पस्तीसला पाणी सुटलं. मंत्र इतक्या वेगात झाले की जोडप्यांना नमस्कार कुठे करायचा ते कळलं नाही. भटजींनी चुरमा तीनदा घेतला, पण दर घासाला भिंतीकडे पाहत घेतला.

दिवेलागणीला महिपतराव स्टेशनातल्या तारमास्तरांना विचारून आले. हातात संत्रं होतं. ते समईपुढे फिरवून त्यांनी दाखवलं, की कलकत्त्याला सूर्य आपल्याआधी तासभर उगवतो आणि तासभर आधीच मावळतो. प्रभाकरनं तिथली वेळ लिहिली होती. संकल्प सोडला, तेव्हा नातू जवळजवळ तासाचा झाला होता.

भटजींचा चेहरा उतरला. “वहिनी, आता हो?” महिपतरावांनी मिशीत हसत विचारलं. “देवाला फसवलंत की.”

आवडाबाई वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“सोळा सोमवार मी दिवस मावळेपर्यंत पाण्यावाचून बसले, तो दिवस कल्याणचा. नातू कलकत्त्याचा, तर मी तासभर आधी जेवायला हवं होतं. असे सोळा तास माझे देवाकडे पडून आहेत. त्यातला एक तास सकाळी मागून घेतला.”