संपादकसाहेबांचं बंद दार

पुण्यात असताना मी पत्रकं लिहायचे. पाणीकपात, बसभाडं, कॉलेजची वाढीव फी, विषय कुठलाही असो, तिसऱ्या ओळीत कुणाचा तरी राजीनामा मागायचा ही माझी रीत. लग्न करून हॉलंडात, टिलबर्गजवळच्या एका लहान गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात दिसलं, इथं निम्म्या दारांवर स्टिकर: जाहिराती नकोत, फुकटचे कागद नकोत. देश आहे की चेष्टा? पत्रकवाल्या बाईला दार वाजवायच्या आधीच हाकललेलं! नवरा गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे सरकारच्या लेखी त्याच्या पासपोर्टला लटकलेली. सकाळी डच भाषेचा वर्ग, दुपारभर संताप.

त्या वर्षी इथल्या आमच्या मराठी मंडळापुढे संकट उभं राहिलं. मंडळाचा गणपती ज्या शाळेच्या जिममध्ये बसायचा, तिथं दुरुस्तीचं काम निघालं. गेमेन्टेचे, म्हणजे नगरपालिकेचे हॉल कधीच लागून गेलेले. मंडळाच्या अध्यक्षांना लहानथोर सगळेच वहिनी म्हणत. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "हे बघ, हॉल नाही तर गणपती नाही. आमच्या घरच्या हॉलमध्ये एवढी माणसं मावत नाहीत, आणि झांजा वाजल्या की खालचा म्हातारा छताला काठीनं ठोकतो. तुला डच येतं. जा, मिळव."

कालव्याकाठी एक जुनी विटांची इमारत होती. फ्रीमेसन लोकांची लॉज. आईला फोनवर म्हटलं, लॉजचा हॉल बघतेय, तर तिनं विचारलं, नवऱ्याशी भांडलीस का? तिला समजावलं, की ही राहायची लॉज नव्हे, ही एक जुनी बंधुसभा आहे. बंधुभाव, दानधर्म आणि दाराला आतून कडी. सभासद फक्त पुरुष. आतलं बाहेर बोलायचं नाही. हे समजावता समजावता माझंच डोकं फिरलं.

लॉजचे प्रमुख म्हणजे एक निवृत्त दंतवैद्य. उंच, शांत, आणि समोरच्याच्या तोंडाकडे रोखून बघायची सवय. त्यांनी हॉल दाखवला. भिंतीवर भरघोस कल्ले राखलेल्या एका गृहस्थाचं तैलचित्र होतं.

"हे कोण?"

"आमचे एकोणिसाव्या शतकातले प्रमुख. गावाचं वर्तमानपत्रही तेच चालवत."

"वर्तमानपत्र? म्हणजे दिवसा सगळं छापायचं आणि संध्याकाळी इथं येऊन काही म्हणजे काही बोलायचं नाही?"

आपल्याकडे एवढ्यावर हॉल गेला असता. ह्या गृहस्थांनी खिशातून डायरी काढली. "चांगला प्रश्न आहे. आमची पद्धत अशी, की ज्याला प्रश्न पडतो त्यानंच अभ्यास करून निबंध वाचायचा. पुढच्या महिन्यात एका रविवारी दुपारी आम्ही बाहेरच्यांसाठी दार उघडतो. तेव्हा वाचा. हॉलचंही तेव्हाच ठरवू."

"कसं ठरवता?"

"पेटीत गोट्या टाकून. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. एक जरी काळी निघाली, तरी नाही."

वहिनींनी हे ऐकलं आणि हातातला बटाटेवडा खाली ठेवला. "एक काळी? अगं बाई! तू फक्त गोड बोलायचंस. थोर होते, दूरदृष्टीचे होते, आभार. बस. पुण्यातला आवाज काढायचा नाही."

"हो वहिनी," म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत जाऊन बसले.

तिथं त्या वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांच्या मायक्रोफिल्म होत्या. मशीनचं चाक फिरवायचं, मांडीवर शब्दकोश घ्यायचा आणि वाचायचं. खरं सांगते, आठवड्याभरात मी त्या कल्लेवाल्याच्या प्रेमात पडले. माणूस छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा. पुढे छापखाना घेतला, आणि अग्रलेख कागदावर न लिहिता उभ्या उभ्याच खिळ्यांत जुळवायचा. कालव्याच्या दुर्गंधीवरून त्यानं महापौराला असं धुतलं, की महापौर खिडकी बंद करून बसला. धर्मगुरूनं चर्चमधून फतवा काढला, की हा कागद कुणी घरात आणू नये. पुढच्या अंकात ह्यानं धर्मगुरूचे आभार मानले, कारण खप वाढला होता. वर्तमानपत्रावरच्या कराविरुद्ध तो भांडला, मुलींच्या शाळेसाठी भांडला. नगरपरिषदेच्या सभेला जनतेला बसू द्या, म्हणून वर्षानुवर्षं भांडला. अरे, हा तर माझाच खापरपणजोबा शोभतो!

मग गॅसच्या दिव्यांचं कंत्राट आलं. ते बाहेरगावच्या माणसाला मिळालं तेव्हा गडी अंकामागून अंक पेटलेला. पुढल्या खेपेला तेच कंत्राट लॉजमधल्या एका बंधूला मिळालं. आणि त्या आठवड्याचा अग्रलेख कशावर? बटाट्यावरच्या रोगावर.

आता बोला! मी निबंध पुन्हा पहिल्यापासून लिहिला.

रविवारी मंडळ नटून आलं. वहिनी पैठणीत, त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, सूटमध्ये. भाऊजी ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर असल्यामुळे जगातली कुठलीही मीटिंग आपणच चालवतो आहोत असा त्यांचा चेहरा असे. लॉजचे म्हातारे एका बाजूला, आम्ही दुसऱ्या.

माझं डच तेव्हा वर्गातल्या पुस्तकाएवढंच. 'असं म्हणता येईल का', 'कदाचित' वगैरे अजून शिकवलेलं नव्हतं. त्यामुळे वाक्यं धोंड्यासारखी पडली. हा माणूस शूर होता. हा माणूस ढोंगी होता. त्यानं महापौराचं दार उघडलं. स्वतःचं बंद ठेवलं. त्यानं मुलींना शाळेत पाठवलं. त्याच्या लॉजमध्ये बाई नाही. आजही नाही. का?

मी खाली बसले आणि भांडणाची वाट बघू लागले.

 टाळ्या पडल्या नाहीत. वहिनी पुटपुटल्या, "घातलंस खड्ड्यात." तेवढ्यात एकेक म्हातारा उठून, माझ्याकडे न बघता, प्रमुखांकडे बघून चार शब्द बोलू लागला. प्रत्येकानं एकदाच बोलायचं, दुसऱ्याचं खोडायचं नाही, उलट उत्तर द्यायचं नाही, हा तिथला नियम. एकानं सांगितलं, की कंत्राटाचं खरं आहे, लाज वाटते. दुसरा म्हणाला, बटाट्यावर रोग खरोखरच पडला होता. झालं, एवढंच! मला उत्तर द्यायला बंदी. जीभ दाताखाली धरून बसले होते.

आमच्या बाकीच्या मंडळींना मात्र ही बंदी कुणी समजावलेली नव्हती. भाऊजी उठले. "एकच मिनिट. संपादकालाही एक जागा लागते हो, जिथं तो संपादक नसतो."

"मग ती जागा बायकांना का नाही लागत भाऊजी?" मी मराठीत ओरडले.

"तुझं आपलं काहीतरीच! विषय काय, तू बोलतेस काय!"

"विषय तोच आहे," वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्ही खाली बसा."

"मी प्रोसिजरचं बोलतोय!"

"घरीही तेच बोलता!"

आमच्या तीन रांगा एकदम बोलायला लागल्या. म्हातारे पुढे वाकून, नाटक बघावं तसे बघत होते. त्या खोलीत एवढा आवाज आधी कधी झाला असेल असं वाटत नाही. शेवटी प्रमुखांनी लाकडी हातोडी आपटली आणि इंग्रजीत विचारलं, "पाहुण्यांना माझाही एक प्रश्न. आमच्यात बाई नाही, हे खरं. तुमच्या पूजेत देवासमोर कोण बसतं?"

दरवर्षी भाऊजी सोवळं नेसून पाटावर बसत आणि वहिनी त्यांच्या हाताला हात लावून. बोट लावायचं तिनं, पूजा त्याची. हे मला कधी खटकलंसुद्धा नव्हतं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

वहिनी उभ्या राहिल्या. पदर सावरला. "ह्या वर्षी मी बसणार आहे," त्या म्हणाल्या. "एकटी."

हे भाऊजींना तिथंच, आमच्याबरोबरच कळलं.

मग पेटी फिरली. छोटी लाकडी, पुढं गोल भोक, आत हात घालून गोटी टाकायची. एकेक म्हातारा हात घालत होता आणि मला एकच दिसत होतं: गणपती विकत घेऊन ठेवलेला, आणि त्याला बसायला जागा नाही, माझ्यामुळे. शेवटच्या म्हाताऱ्यानंतर आमच्या रांगेत पहिलेच भाऊजी बसलेले. पेटी त्यांच्यासमोर आली. बायकोच्या घोषणेनं ते अजून सुन्न. डबा पुढ्यात आला म्हणजे आपला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. खिशात हात घातला आणि आत दक्षिणा सोडली. खण्णकन आवाज झाला.

प्रमुखांनी पेटी उघडली. बराच वेळ आत बघत राहिले. मग ती आमच्याकडे फिरवून दाखवली. सगळ्या पांढऱ्या गोट्या आणि मधोमध एक युरोचं नाणं.

"नाण्याबद्दल आमच्या नियमांत काही नाही," ते म्हणाले. "पण ते काळं तर नाही." आणि हातोडी आपटली.

गणपती बसला तो त्या कल्लेवाल्याच्या तसबिरीखाली. पाटावर वहिनी एकट्या, नऊवारीत. भटजी सीडीवर होते. त्यांचं संस्कृत फार भरभर चाललं, की वहिनी नुसता हात वर करायच्या आणि भाऊजी, सोवळं नेसून, प्लेअरशेजारी मांडी घालून पॉजचं बटण दाबायचे. एकदा चुकून पुढचं गाणं लागलं.

"अहो, लक्ष कुठाय?" वहिनी मागे न बघताच म्हणाल्या.

"हो हो, लावतो," म्हणत भाऊजींनी सीडी मागे घेतली.