सेटवर हसायला बंदी

"कट! अरे, कोणाची वाट बघतोयस तू?"

मॉनिटरच्या मागून मॅडम ओरडल्या. मॅडम म्हणजे आमच्या सिनेमाच्या दिग्दर्शिका. स्वभावाने शांत बाई, पण सहा टेक वाया गेल्यावर कोणाचाही स्वभाव बदलतो. कॅमेरा सुरू करून एक प्रसंग एकदा करायचा, त्याला टेक म्हणतात. चुकलं की पुन्हा करायचा. चांगल्या नटाचं दोन-तीन टेकमध्ये काम होतं, असं मी ऐकून होतो.

ठिकाण वसमत. बियाण्याच्या दुकानाचा सेट. माझा पहिला सिनेमा, तीन सीनचा रोल. दोरीच्या पलीकडे आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावची माणसं उभी. माझं शूटिंग बघायला ती जीप करून आली होती. त्यांना बोलावण्याचा शहाणपणा अर्थातच माझाच.

रोल साधा होता. मी दुकानातला बोलका सेल्समन. समोर गिऱ्हाईक म्हणून पुसेगावच्या वच्छलाबाई. त्या आयुष्यभर अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता रिटायर. गावात माणसं निवडायला आलेल्या टीमने त्यांना उचललं होतं. सिनेमाचा कॅमेरा त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला होता, पण त्यांना तो बाधला नव्हता.

माझं वाक्य असं होतं: "मावशी, हे बियाणं पेरलं की घाईनं वावराबाहेर निघायचं, न्हाईतर पिकात अडकून बसता." त्यावर त्यांनी विचारायचं, "आन् न्हाई उगवलं तर?" मी म्हणायचं, "ती पावसाची चूक. पावसाची तक्रार आपल्या दुकानात घेत न्हाईत."

हे मी स्टेजवर म्हटलं असतं तर लोक हसले असते. तीच तर भानगड होती.

मी मूळचा स्टँडअपवाला. एकट्याने माइक धरून उभं राहायचं आणि लोकांना हसवायचं. त्यात विनोदाच्या शेवटच्या वाक्याला पंच म्हणतात. पंच टाकला की थांबायचं. लोक हसतात, हसू ओसरलं की पुढचं वाक्य. कोणी हसलं नाही तर आमच्या भाषेत सेट पडला. सेट पडणं काय असतं ते सांगून कळत नाही. भर लग्नात नवरदेवाचं धोतर सुटल्यासारखं वाटतं.

टीव्हीने तर मला आणखी बिघडवलं होतं. कॉमेडीच्या कार्यक्रमात प्रेक्षकांचं हसू कार्यक्रमाआधीच शूट करून ठेवतात. "आता जोरात हसा, आता टाळ्या." मग ते हवं तिथे चिकटवतात. तिथे माझा एकही पंच वाया गेला नव्हता.

सिनेमाच्या सेटवर मात्र हसायला बंदी. साधं कारण आहे. माइक सगळं ऐकतो. आवाज नको म्हणून पंखेसुद्धा बंद करतात. पन्नास माणसं घामाने निथळत, श्वास रोखून उभी असतात. तिसऱ्या टेकला एक लाइटवाला फिस्सकन हसला आणि टेक वाया गेला. मॅडम त्याच्यावर भडकल्या. मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

प्रत्येक टेकला मी पंच टाकत होतो आणि थांबत होतो. समोर शांतता. मला वाटायचं, सेट पडला. मग मी आवाज चढवायचो. पदरचं वाक्य घालायचो. त्यात आणखी एक गंमत, माझा उजवा हात मूठ करून आपोआप हनुवटीपाशी जायचा. इतकी वर्षं माइक धरलेला हात तो. मॅडमनी मला मॉनिटरवर दाखवलं तेव्हा कळलं. सेल्समन आइस्क्रीमचा कोन धरून बियाणं विकत होता.

वच्छलाबाईंचाही एक घोळ होत होता. त्या मध्येच मागे वळून बघायच्या. "मावशी, मागे नका बघू हो," असं मॅडमनी त्यांना दोनदा सांगितलं होतं.

सातवा टेकही गेला. मॅडम माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात बोलल्या. तेच जास्त लागलं.

"लंचनंतर दोन टेक देते. नाही जमलं तर नांदेडचा एक नट आहे, त्याला उद्या बोलावते. राग मानू नकोस."

"नाही मॅडम," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दोरीपलीकडून आमच्याच गल्लीतला एकजण ओरडला, "काहून बे, किती येळा तेच तेच बोलून राहिला?" पहिला सिनेमा गेला तर दुसरा कोणी देत नाही, हे मला ठाऊक होतं. आणि गेला कसा, हे गोरेगावात मला न विचारता सगळ्यांना कळणार होतं.

लंचला सगळे मंडपात गेले. मी दुकानाच्या मागे बाजेवर जाऊन बसलो. वच्छलाबाई दोन ताटं घेऊन तिथे आल्या. एक माझ्यापुढे ठेवलं.

"जेव."

"भूक न्हाई, मावशी."

"बरं. मला सोयाबीन पेरायचं हाय. कोणतं देतो?"

मला वाटलं, माझ्याकडून डायलॉगची तालीम करून घेत आहेत. पण त्या खरंच विचारत होत्या. मी चुलतभावाच्या बियाण्याच्या दुकानात दोन हंगाम बसलो होतो, हे मीच त्यांना सकाळी बढाई मारत सांगितलं होतं.

"रान कसं हाय?" मी विचारलं.

"मुरमाड."

"मंग लवकर येणारं घ्या."

"मागच्या साली घरचं पेरलं व्हतं. अर्धं बी न्हाई उगवलं."

"तपासलं व्हतं का? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. आठवड्यानं उघडून मोजायचे. सत्तर उगवले तर पेरायचं, न्हाईतर न्हाई."

"आन् दाणे कसे ठिवायचे? येकावर येक?"

"न्हाई न्हाई, रांगेत..." मी ताटातली भाताची शितं मांडून दाखवायला लागलो.

त्या हसल्या. "पाय, आता कसा बोलून राहिला. सकाळपासून तू माह्याशी बोललाच न्हाई. माह्या मागं कोणी उभं हाय, त्याला सांगून राहिला. मी दोनदा वळून पायलं, कोणीच नव्हतं."

मी ताट पुढे ओढलं. आणि सगळं जेवलो.

आठवा टेक. पंखे बंद. "ॲक्शन."

मी वावराबाहेर निघायचं वाक्य बोललो, या वेळी त्यांच्या डोळ्यांत बघून. मी थांबणार, इतक्यात त्यांनी हातातली कापडी पिशवी माझ्या उजव्या हातात कोंबली. "धर हे. आन् न्हाई उगवलं तर?" पिशवी स्क्रिप्टमध्ये लिहिलेली नव्हती. हात गुंतला, तोंड मोकळं झालं. बाईला खरंच उत्तर हवं होतं, म्हणून मी उत्तर दिलं. पिशवीचं तोंड उघडत, त्यांच्याकडे बघत, पावसाची चूक सांगितली.

शांतता होती. पण मला ती ऐकूच आली नाही.

"कट. ओके. पुढचा सीन लावा," मॅडम म्हणाल्या. टाळ्या वगैरे काही नाही. जाताजाता म्हणाल्या, "पिशवी चांगली सुचली." मी सांगितलं, मला नाही, मावशींना. त्यांनी मान हलवली.

दोरीपाशी गेलो तर गोरेगावकर अजून तोंडावर हात ठेवून उभे. "झालं का? मंग आता हसावं का?"

सिनेमा लागला तेव्हा आम्ही हिंगोलीला बघायला गेलो. वच्छलाबाई त्यांच्या बुद्धविहारातल्या बायकांना घेऊन आल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. आमचा सीन आला आणि थिएटर हसलं. असं हसलं की माझं पुढचं वाक्य त्यात बुडालं. इतक्या उशिरा हसू मिळण्याची माझी पहिलीच वेळ.

पण मी नीट हसू शकलो नाही. एडिटिंगमध्ये सगळा सीन माझ्या चेहऱ्यावर ठेवला होता. कॅमेरा वच्छलाबाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. त्यांची दिसली ती पाठ, पदर आणि अंबाडा. चेहरा एकदाही नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"मावशी, तुमचं तोंड कापलं हो त्यांनी. मला ठाऊक नव्हतं."

"तू काहून तकलीफ करून घेतो?" त्या म्हणाल्या. "अंगणवाडीत बी असंच असते. लेकरू बोलायला लागलं की मायबाप खुश. मदतनिसाला कोण इचारते? लेकरू बोललं न? बराबर हाय मंग."

मी वाकून त्यांच्या पाया पडलो. त्यांना ते आवडलं नाही. मला उठवून म्हणाल्या, "जय भीम म्हण, आन् घरी जा."

त्यानंतर मला सिनेमे मिळाले, दोन मालिका मिळाल्या. लोक म्हणतात, तुझं टायमिंग छान आहे. मी थँक्यू म्हणतो. खरं म्हणजे ते पुसेगावचं आहे, आणि त्याचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. आता नव्या सेटवर गेलो की मी आधी एवढंच विचारतो, माझ्यासमोर कोण आहे? कॅमेरा कुठे आहे ते कोणीतरी ओरडून सांगतंच.