मामाची दहा नखं

माझ्या मामाला गॅरेजमध्ये कोणी नावाने हाक मारत नसे. तिथे तो ‘डबल कोट’ होता. गिऱ्हाईक कितीही डोक्यावर बसलं, मालकाने कितीही डोळे वटारले, तरी एका कोटावर गाडी बाहेर सोडायची नाही हा त्याचा हट्ट. एकतीस वर्षं त्याने गाड्या रंगवल्या. नुसता दरवाज्यावर हात फिरवून तो सांगायचा की ही गाडी कधीतरी डाव्या अंगावर आपटलीय आणि विकणारा थापा मारतोय. मग एक दिवस छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्प्रे गन आता खाली ठेवा, फुफ्फुसात पुरेसा रंग गेलाय.

मामाने विचारलं, “कोणता?”

डॉक्टर हसले नाहीत. गन मात्र सुटली.

घरी बसलेला मामा म्हणजे मामीच्या डोक्याला ताप झाला. तो कपाटांची दारं बोटाने वाजवून बघायचा, शेजाऱ्यांच्या गेटवर रंगाचे ओघळ कसे राहिलेत ते शेजाऱ्यांनाच नेऊन दाखवायचा. आठवडाभर हे सोसून मामी त्याला माझ्या आईच्या दुकानात घेऊन आली आणि म्हणाली, “ताई, यांना संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे ठेवा. सात वाजता घेऊन जाते.” जसं काही पार्सल होतं.

आईचं दुकान कटलरीचं. दहा बाय आठची खोली, पुढे काचेचं काउंटर, वर लटकणाऱ्या रिबिनी आणि रबरबँड, मागे पावडरी, क्रीम, आणि उजव्या हाताला नेलपॉलिशचा तीन मजली स्टँड. मी कॉलेजातून परस्पर तिथेच जायचे, म्हणून पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

मामाच्या पहिल्याच दिवशी समोरच्या शाळेतल्या गणिताच्या बाई बाटली परत करायला आल्या. बुधवारी लावलं होतं, शुक्रवारी फळ्यावर भागाकार मांडताना अंगठ्यावरचा तुकडा उडाला आणि पहिल्या बाकावर पडला.

“मुलांनी तो वहीत चिकटवून ठेवलाय,” बाई म्हणाल्या.

“पाण्यात हात गेला असेल तुमचा,” आई म्हणाली. कोणतीही वस्तू परत आली की आई हेच म्हणत असे, मग ती छत्री का असेना.

मामाने बाटली घेतली. उलटी धरली, आतली गोळी खाली यायला किती वेळ घेते ते पाहिलं, झाकण उघडून वास घेतला. मग कोणाला काही न विचारता स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर एक पट्टा ओढला. एकच, सरळ, कडेला न लागता. बाई बघतच राहिल्या.

“ताई, यात थिनर जास्त आहे आणि रंग कमी,” तो आईला म्हणाला. मग बाईंकडे वळून, “आणि तुम्ही लावण्याआधी नख पुसलं होतंत का?”

“पुसायचं असतं?”

“तेलकट पत्र्यावर आम्ही कधी गन धरली नाही, बाई.”

आईने पैसे परत दिले, पण मामाकडे असं पाहिलं की मी हळूच बाहेर रिबिनी सारख्या करायला गेले.

दुसऱ्या आठवड्यात उन्हाळी संच आला. खोक्यात आठ रंग, एकापेक्षा एक भडक. पिवळा इतका पिवळा की आईने खोकं उघडून पुन्हा मिटलं. मामाचे डोळे मात्र चमकले. त्याने स्पिरिटने दहाही नखं पुसली, आठ बोटांना आठ रंग लावले आणि दोन करंगळ्या तुलनेसाठी कोऱ्या ठेवल्या. रंग उडाला की तोच पुढच्या खेपेला दुसऱ्या हातावर लावायचा, असं ठरवलं. अनेकांचा उजवा हात रंगवताना डावा हात थरथरतो. मामाचा थरथरत नसे, कारण गाडीच्या आतल्या कोपऱ्यात गन कधी उजव्या, कधी डाव्या हातात धरायला लागते. मग त्याने चौकटीची वही आणली, सुतळीने काउंटरला बांधली आणि पहिल्या पानावर लिहिलं: ‘उजवा हात कामाचा, डावा आरामाचा. दोघांचे दिवस वेगळे मोजले आहेत.’

ती वही म्हणजे आमच्या दुकानातली सर्वात खपणारी वस्तू ठरली, फक्त ती विकायला नव्हती.

‘लेमन पॉप’बद्दल त्याने लिहिलं: ‘पहिल्या कोटात नख आजारी दिसतं, दुसऱ्यात पिवळं. तिसरा मारा आणि मग उन्हात जाऊ नका, लोक डोळ्यांवर हात धरतात. टिकतो सहा दिवस.’ ‘ओशन ड्रीम’बद्दल: ‘समुद्र मी दोनदा पाहिलाय. दोन्ही वेळा हा रंग तिथे नव्हता. स्विमिंग टँकच्या फरशीला मात्र जुळतो. कामाच्या हातावर तीन दिवस, आरामाच्या हातावर पाच.’ केशरीबद्दल एकच ओळ होती: ‘याला बोट ठेवायला जागा नाही.’ ती वाचून केशरीच्या बारा बाटल्या दोन दिवसांत गेल्या. गुलाबी ‘समर ब्लश’ची त्याने चांगलीच हजेरी घेतली होती: ‘वास उत्तम, बाकी काही नाही. शुक्रवारी लावलात तर सोमवारी पोपडे धरून आपोआप निघून जातो.’

या शेवटच्या वाक्याने घोटाळा केला. गणिताच्या बाई आल्या, वाचून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी शाळेतल्या चार शिक्षिकांना घेऊन आल्या. त्यांना नेमका असाच रंग हवा होता. शनिवार-रविवार मिरवायचं, सोमवारी मुख्याध्यापकांसमोर हात कोरे; त्या उडालेल्या तुकड्यापासून त्यांची नखांवर नजर होती. आईने ‘समर ब्लश’ची पुन्हा ऑर्डर दिली आणि मामा दिवसभर तोंड पाडून बसला.

“मी नावं ठेवली होती,” तो म्हणाला.

“ठेव की,” आई म्हणाली. “अशीच ठेवत जा.”

मामीचं एवढंच म्हणणं होतं की कोणाकडे जेवायला जाताना निदान एका हाताची पाच बोटं एका रंगाची असावीत. मामा म्हणाला, आजचा चौथा दिवस आहे, चाचणी मोडता येणार नाही. तेव्हापासून मामी बाहेर निघताना त्याच्या हातात मोठी पिशवी द्यायची. दोन्ही हातांनी धरायची, आणि धरून ठेवायची.

मधेच छातीच्या तपासणीची तारीख आली आणि मामाबरोबर मी गेले. त्या दिवशी मामाच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर रात्रीच्या आभाळासारखा गडद निळा होता. डॉक्टरांनी बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं, आकडा पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. प्राणवायू अठ्ठ्याऐंशी. दम लागतो का? जिना चढता येतो का? झोपताना काय होतं? तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरने मामाचा हात उलटा केला, नख पाहिलं, चिमटा काढून करंगळीला लावला. शहाण्णव. डॉक्टरांनी मामाची दहाही बोटं टेबलावर पसरायला लावली.

“बायकोने लावलं का?” त्यांनी अखेर विचारलं.

“छे. तिला जमत नाही, कडेला लागतं,” मामा म्हणाला.

बाहेर निघताना सिस्टरने मला बाजूला घेऊन दुकानाचा पत्ता विचारला. आणि मामाने वहीत त्या गडद निळ्यापुढे भर घातली: ‘टिकाऊ. पण दवाखान्यात जाताना लावू नये, डॉक्टर घाबरतात.’

हे सगळं कंपनीच्या सेल्समनच्या कानावर गेलं. तो तिशीतला, कडक इस्त्रीचा, केसांना जेल लावणारा, महिन्यातून दोनदा बॅग घेऊन यायचा. या वेळी आला तो ऑर्डर न विचारता थेट वहीपाशी गेला. उभ्या उभ्या चार पानं वाचली. त्याचे कान लाल झाले. वहीतला कोणता लाल म्हणायचा, ते मामाने नंतर मला सांगितलं.

“मॅडम, हे पान फाडा,” तो आईला म्हणाला. “‘ओशन ड्रीम’ तीन दिवस? आमचा रंग दहा दिवस टिकतो. बाटलीवर छापलंय.”

“छापणाऱ्याने लावून पाहिला होता का?” मामाने विचारलं.

“मामा, तुम्ही मध्ये बोलू नका. मॅडम, हे असं चालणार असेल तर मला माल बंद करावा लागेल.”

आईची नजर स्टँडकडे गेली. या स्टँडवर दुकानाचा अर्धा डोलारा उभा होता. मामाने तिच्याकडे पाहिलं, मग काउंटरखालून ‘ओशन ड्रीम’ची बाटली काढली.

“साहेब, हात पुढे करा. डावा नको, उजवा. मी स्वतः लावतो, दोन कोट, कमी-जास्त नको. आठ दिवसांनी या. रंग शाबूत असला तर तुमच्यासमोर पान फाडीन आणि तुम्ही सांगाल ते लिहीन.”

सेल्समनने हात मागे घेतला. दारात तीन मुली उभ्या होत्या, त्यातली एक हसली. तेवढ्यावर त्याने हात पुढे केला. मामाने दोन नखं रंगवली, इतकी सुबक की स्वतः सेल्समनही उजेडात धरून बघायला लागला. मग भानावर येऊन त्याने तो हात खिशात घातला आणि बॅग डाव्या हाताने उचलून निघाला.

आठव्या दिवशी तो आला तेव्हा खिशातून हात काढून त्याने काउंटरवर असा ठेवला, जसा हुकमाचा एक्का टाकावा. दोन्ही नखं निळी, चकचकीत, एक ओरखडा नाही.

“बघा,” तो म्हणाला.

आईचा चेहरा उतरला. मामाने चष्मा लावला, सेल्समनचं बोट धरलं, उजेडात तिरकं केलं आणि नखाच्या कडेवरून आपल्या अंगठ्याचं टोक अलगद फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. एकतीस वर्षं तो दरवाज्यांवरून हात असाच फिरवत होता.

“मी दोन कोट मारले होते,” मामा म्हणाला. “इथे टोकाला तीन आहेत. मधे खड्डा आहे, तिथला पोपडा गेला, त्यावर नवा मारलाय. नख बुडापाशी वाढलं की तिथे कोरी फट राहते, तीही भरलीय. हे काल संध्याकाळचं काम आहे, अजून मऊ आहे. आणि लावणारा हात तुमचा नाही. तुमचा असता तर रंग कातडीला लागला असता.”

सेल्समनने हात ओढला नाही.

“बायकोने लावलं,” तो म्हणाला. “मी पार्लरवाल्यांकडे चाललो होतो. ती म्हणाली, पोपडे घेऊन जाऊ नका, बरं दिसत नाही.”

“कितव्या दिवशी गेला?”

“तिसऱ्या. सकाळी. बॅगची चेन लावताना.”

“म्हणजे वहीत बरोबर आहे?”

“मामा, आता ते वदवून घेऊ नका.”

आई हसायला लागली, मग मी, मग सेल्समनही हसला, आधी ओठातल्या ओठात आणि मग मोकळेपणी. पान राहिलं. माल बंद झाला नाही. त्याने हळू आवाजात असंही सांगितलं की त्या पहिल्या तीन दिवसांत त्याचा धंदा वाढला, कारण प्रत्येक दुकानात बायका आधी त्याचा हात बघायच्या आणि मग रंग मागायच्या. पुढच्या मोसमाचा संच त्याने बाजारात यायच्या पंधरा दिवस आधी मामाला आणून दिला. “ऑफिसात सांगू नका,” एवढीच अट होती.

इथवर आल्यावर माणसाने थांबावं. पण मामाच्या डोक्यात हवा गेली. लोक ‘मामांनी काय लिहिलंय’ असं विचारत यायला लागले होते. हिवाळ्याच्या तोंडावर, तळाला उरलेल्या बाटल्या काचेच्या तुकड्यावर ओतून, काडीने घोटत त्याने स्वतःचा रंग बनवायला घेतला. चार दिवस आईला काउंटर वापरता आलं नाही. अखेर जो निघाला तो पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होता, आत कुठेतरी केशरी पेटलेला. मलाही तो आवडला, खोटं कशाला बोलू. मामाने एकच बाटली भरली, वहीत कोऱ्या पानावर रंगाचा पट्टा ओढला आणि खाली काही लिहिलं नाही.

“स्वतःच्या गाडीला स्वतःच पास करायचं नसतं,” तो म्हणाला, पण पेन त्या पानापाशीच ठेवलं.

बाटली हातोहात फिरली. आईने लावली, सिस्टर सुट्टीच्या दिवशी येऊन लावून गेली, सेल्समनने बायकोसाठी दोन दिवस उसनी नेली, गणिताच्या बाईंनी शनिवारी लावली. मामा रोज सकाळी आधी वही उघडून बघायचा आणि काही बघितलंच नाही अशा चेहऱ्याने मिटायचा.

बुधवारी पानावर लिखाण उमटलं होतं. लाल शाईत, शाळेच्या वहीत असतं तसं टपोरं:

‘रंग सुरेख. पण रविवारी दुपारीच उडाला, तोही मी काही काम करत नसताना. हात पुसून, दोन कोट लावून, सूचना पाळूनही. दहापैकी चार. पुन्हा प्रयत्न करावा.’

खाली बाईंची सही, तारखेसकट.

मामाने त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते पान चार वेळा उघडून वाचलं. सात वाजता मामी न्यायला आली तेव्हा त्याने वही उघडून तिच्यापुढे धरली. मामीने दोनदा वाचलं आणि बाईंना भेटायची इच्छा व्यक्त केली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात पोचले तर मामा स्टुलावर उभा राहून गिऱ्हाइकांना ते पान मोठ्याने वाचून दाखवत होता. ‘तोही मी काही काम करत नसताना’ या शब्दांवर तो थांबे आणि सगळ्यांकडे बघे. वाचून झालं की बाटली उघडून वास घेई, दहा नखांकडे आळीपाळीने पाही आणि आईला विचारी, “ताई, थिनर जास्त झालं असेल का गं?”

“पाण्यात हात गेला असेल,” आई म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.