पोरीचं हिमोग्लोबिन आणि आमचा चहा

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे वरवट बकालला आली ती दिवाळी झाल्यावर, सातवा महिना लागला तेव्हा. आल्या आल्या तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं. हिमोग्लोबिन निघालं आठ पूर्णांक सहा. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं, "नववा महिना लागेपर्यंत हे दहाच्या वर गेलं पाहिजे. नाही गेलं तर बाळंतपण इथे करता येणार नाही, खामगावला पाठवावं लागेल. रक्ताची सोय तिकडे आहे." रक्तवाढीच्या गोळ्या दवाखान्यातूनच मिळाल्या.

बाहेर आल्यावर मुलीचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "बाबा, मी खामगावले नाई जात. मले आईजवळच राहाचं हाय."

मी एका कृषी केंद्रात हिशेब लिहितो. आकडा समोर आला की मला हुरूप येतो. आठ पूर्णांक सहावरून दहावर जायचं, म्हणजे एक पूर्णांक चार वाढवायचं. दोन महिने हातात होते. हे काम आपण करू शकतो, असं मला मनापासून वाटलं.

अडचण एकच होती. किराणा, भाजी आणि दूध मिळून महिन्याला सहा हजार, ही आमची मर्यादा. बाळंतपणासाठी वेगळ्या ठेवलेल्या पैशांना हात लावायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. सल्ले मात्र सगळे महागाचे आले. कोणी म्हणे डाळिंब द्या, कोणी म्हणे सफरचंद, तर कोणी पावडरीच्या डब्याचा फोटो पाठवला. मी बाजारात उभा राहून विचार केला. एक किलो डाळिंबाच्या पैशात मेथी, पालक आणि हरभऱ्याची कोवळी भाजी मिळून आठवडा निघत होता. हिवाळा आमच्या बाजूने होता. या दिवसांत आमच्याकडे भाजीला भाव नसतो आणि चवीला तोड नसते.

मग घरात खाण्याची मजाच सुरू झाली. ज्वारीची गरम भाकरी, मुगाची उसळ, जवसाची चटणी. मेथी कच्चीच बारीक चिरायची, त्यात कांदा, दाण्याचं कूट, तिखट-मीठ आणि चमचाभर तेल. याला आम्ही घोळाना म्हणतो. मुलगी परातीतूनच उचलून खायची आणि बायको तिच्या हातावर चापट मारायची. संध्याकाळी तिळगुळाचा लाडू. सगळं सहा हजारांत बसत होतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

महिन्याने पुन्हा तपासलं. आठ पूर्णांक सात.

मी तो कागद उजेडात धरून पाहिला. महिनाभराच्या भाज्या, उसळी आणि लाडूंचं फळ एवढंच? डॉक्टरबाईंनी मुलीला विचारलं, "गोळ्या घेतेस ना?"

"हाव मॅडम, रोज."

"कशासोबत?"

"चहासंगं. सकाळी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवला. "आणि दिवसभरात चहा किती होतो?"

मुलगी आईकडे पाहू लागली. बायको म्हणाली, "जास्त नाई मॅडम. आल्यागेल्यासंगं घोटभर."

"आले-गेले किती असतात?"

बायको बोटं मोजू लागली आणि दुसऱ्या हातावर जाऊन थांबली. डॉक्टरबाईंना हसू आलं. मग त्यांनी सांगितलं की चहामुळे खाण्यातलं आणि गोळीतलं लोह अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यायची, आणि जेवणाच्या मागेपुढे चहा अजिबात नको.

खरी गोष्ट अशी की आमच्या गावात पोटुशी लेक माहेरी आली की बाया तिला पाहायला येतात. आलेल्या बाईला चहा द्यायचा, आणि ती बाई म्हणणार, "तू घेशील तं मी घेतो." मग लेकीनेही कप उचलायचा. एका बाईमागे अर्धा कप. तिला स्वतःलाही चहाची आवड, म्हणून नाही म्हणणं तिच्याने होत नव्हतं.

घरी येऊन मी महिन्याचा नुकताच आणलेला किराणा चटईवर मांडला. एका बाजूला डाळी, दाणे, तीळ, गूळ. दुसऱ्या बाजूला साखर आणि चहापत्ती. त्यात रोजच्या लिटरभर दुधाचे पैसे मिळवले, कारण ते दूध जवळपास सगळं चहातच जात होतं. चहाची बाजू दोन हजारांच्या घरात गेली. सहा हजारांतले दोन हजार. आणि डाळिंब महाग म्हणून मी मेथीच्या जुडीत घासाघीस करत होतो!

मी म्हणालो, "चहा बंद. सगळ्यांचा."

बायको चटईवरून उठलीच. "तुमचं डोकं ठिकानावर हाय का? मयताच्या घरीसुद्धा शेजारचे चहा आनून देतात. अन् आपन लेक घरी आली असताना बंद कराचा? लोकं शेन घालतील तोंडात."

"तिच्यासमोर कप आला की ती घेते. म्हणून कपच नको."

"अन् तुमी दुकानात पेसान."

"नाही पिणार."

तीन दिवस आम्हा सगळ्यांची डोकी ठणकली. दुकानात चहावाला आला की मी गोदामात पोती मोजायला जायचो. चौथ्या दिवशी समोरच्या घरातल्या काकू आल्या. त्या रोज येत आणि कप हातात पडल्याशिवाय गप्पांना सुरुवात करत नसत. बायकोने लिंबू, गूळ, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याचं पाणी पुढे केलं.

"काऊन व माय, दूध फाटलं का?"

"नाई काकू, चहा बंद केला आमी."

"बंद? मंग आमी काय तुमची तोंडं पाहाले आलो का?" असं म्हणून काकूंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, मग दुसरा घोट घेतला आणि पेला रिकामा केला. गावभर सांगायला मात्र विसरल्या नाहीत, "त्या घरी जाऊ नका, लिंबू पिळतात मानसाले." पण दुसऱ्या दिवशी पदरात स्वतःच्या झाडाची दहाबारा लिंबं घेऊन आल्या. "तुमच्या घरचं लिंबू रस नाई देत," म्हणाल्या.

आणलेली साखर-चहापत्ती मी किराणा दुकानात परत करून आलो होतो. वाचलेल्या पैशांत अंडी बसली, खजूर बसले, शेंगदाणे दुप्पट झाले, आणि रात्री पोरीला पेलाभर दूधही. आता मी भाजीवाल्याशी घासाघीस केली तरी हसतमुखाने करत होतो.

नववा महिना तोंडावर आला असताना एका रविवारी उंद्रीहून व्याही आणि विहीणबाई भेटायला यायचं ठरलं. बायकोने सकाळपासून घोकायला सुरुवात केली, "आज तरी ठेवतो मी चहा. इवाई हायेत ते." मला न सांगता तिने काकूंकडून चहापत्ती-साखर आणून ठेवली. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. व्याह्यांना चहा विचारायचा नाही, हे माझ्याही जिवावर आलं होतं.

पाहुणे बसले, पाणी झालं. आत पातेलं चढल्याचा आवाज आला. मुलगी हळूच उठली, आत गेली, गॅस बंद करून बाहेर आली आणि सासऱ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "मामाजी, आमच्या घरी चहा बंद हाय. माह्यापायी. तुमी घेतला तं मले राहावत नाई, अन् मी घेतला तं मले खामगावले जा लागते."

दारात उभ्या बायकोने डोळे मिटून घेतले. व्याह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "असं हाय का? मंग जे तू पेतं तेच दे, बाई."

त्यांनी ते लिंबूपाणी औषधासारखं एका दमात घेतलं. जेवणात मात्र घोळाना तीनदा मागून घेतला. जेवण झाल्यावर टोपी घालून म्हणाले, "इवाई, चाला, गाव पाहून येऊ." गाव पाहायला ते सरळ बसस्टँडवर गेले, चहाच्या टपरीवर एक कप घेतला, वर आणखी अर्धा सांगितला.

"तुमी?"

"नाही, मी सोडला."

"पक्के हा. पन माह्या घरच्यांले सांगू नका."

परत आलो तेव्हा विहीणबाई ओट्यावर दाणे सोलत बसल्या होत्या. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "पाह्यलं का गाव? अद्रक टाकून होतं वाटते."

मुलगी इतकी हसली की तिला पोट धरून बसावं लागलं.

पुढच्या आठवड्यात तपासणी होती. कागद बायकोच्या हातात आला. तिला दशांशाचं फार कळत नाही. "दहाच्या वर तीन की दहाच्या खाली तीन?" तिने विचारलं.

"वर. दहा पूर्णांक तीन."

"मंग इथंच ना?"

डॉक्टरबाईच म्हणाल्या, "इथेच." बायको बाकावर बसली आणि पदराने डोळे पुसत हसत राहिली. मुलगी तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी होती. मी उंद्रीला फोन लावला. व्याह्यांनी आनंदाने पहिला प्रश्न केला, "मंग आता चहा चालू का?" बायकोने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "आधी बाळ होऊ द्या, इवाई!"

बाळंतपण तिथेच झालं, एका सकाळी, फार त्रास न होता. मुलगी झाली. नर्सबाईंनी तिला काट्यावर ठेवलं तेव्हा मी आकडा दोनदा वाचला. दोन किलो नऊशे. दाराच्या फटीतून पाहिलं तर माझी लेक डोळे मिटून पडली होती, आणि तिचा हात तिच्या आईने धरून ठेवला होता.