अळ्या मोजल्या कोणी

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या पौर्णिमाताई इंग्रजी शिकल्या त्या दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करता करता. बारावीनंतर त्या एका झेरॉक्सच्या दुकानात लागल्या, पुढे स्वतःचं दुकान टाकलं. गाईडनी लाल शाईत केलेल्या दुरुस्त्या घालून घालून पॅसिव्ह व्हॉइस त्यांच्या इतका अंगवळणी पडला, की पोरांनी ‘आय’, म्हणजे ‘मी’, लिहून आणलं तर त्या न विचारताच वाक्य फिरवून देत. प्रबंधात काम झालेलं दिसतं, करणारा दिसत नाही, हे त्यांनी पक्कं धरलं होतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी कैलास नावाच्या कृषीच्या विद्यार्थ्याचा गुलाबी बोंडअळीवरचा प्रबंध त्यांच्याकडे होता. त्याच्या प्रयोगाच्या वावरात मजुरीला जाणाऱ्या मीराबाई एका दुपारी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आल्या. स्क्रीनवरच्या फोटोत त्यांनी वावर ओळखलं आणि खाली काय लिहिलंय ते विचारलं. पौर्णिमाताईंनी मराठीत सांगितलं: बोंडं फोडण्यात आली, अळ्या मोजण्यात आल्या.

“कोनं मोजल्या?”

“ते नाई लेहत, मावशी. इंग्रजीत तशी रीत हाय.”

“आपल्यातबी हायच. लेकरू कप फोडते अन् म्हनते, कप फुटला.”

मीराबाईंचा सूर तक्रारीचा नव्हता. झेरॉक्सची घडी घालून त्या निघून गेल्या. पौर्णिमाताईंचा हात मात्र त्या वाक्यावर अडला. त्यांनी कैलासला फोन लावला, मीराबाईंचं नाव घालू का म्हणून विचारलं. तो गडबडीत होता, घाला म्हणाला. त्यांनी वाक्य सरळ केलं: मीराबाईंनी अळ्या मोजल्या.

गाईडनी ते वाक्य खोडलं नाही. तेव्हा तू कुठे होतास, एवढंच त्यांनी कैलासला विचारलं. तो नागपुरात स्पर्धा परीक्षेच्या क्लासला होता, आणि सगळ्या नोंदी स्वतः घेतल्याचं तर त्यानं सही करून दिलं होतं. पुढच्या हंगामात मोजणी पुन्हा झाली. बोंडं मीराबाईच फोडत होत्या, कैलास शेजारी वही घेऊन बसला होता.

त्याआधी तो उरलेली पानं न्यायला दुकानात आला होता.

“ताई, ते वाक्य होतं तसं राहू देलं असतं, तं काय बिघडत होतं?”

पौर्णिमाताईंनी पानं मोजून त्याच्या हातात दिली. दोन दिवस त्यांना चुटपुट लागली, मग कामाच्या रेट्यात ती गेली. आता नवा प्रबंध आला की त्या आधी विचारतात, हे कोणी केलं? बरेच जण सांगतात. एकानं पेनड्राइव्ह काढून घेतला आणि चालता झाला.